बाबांची सही उमटेना

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांची मी वर्गात यथेच्छ टिंगल करते. बेहाल्यातल्या शाळेत पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवतेय... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

आम्ही कोलकात्यातच जन्मलेले मराठी, घर बालीगंजला. बाबा निवृत्त सेशन्स जज. आयुष्यात त्यांनी एकालाच फाशी सुनावली आणि प्रथेप्रमाणे सही केल्यावर पेनाची निब मोडली. यंदा त्या माणसाचा दयेचा अर्ज दिल्लीला निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "सोबत माझंही पत्र जाऊ दे. फाशीऐवजी मरेपर्यंत कैद द्या म्हणून."

"बाबा, त्यानं मारलेली मुलगी सहा वर्षांची होती!" या विषयावर आमच्याकडे जेवणं गार होतात.

"माहितीय गं. पण ज्या साक्षीदारावर मी विसंबलो, तो आता मला खोटा वाटतो. कैदेतल्या माणसाला निदान सोडता तरी येतं."

पत्र मीच टाइप केलं. बाबांनी माझ्यासमोर सही केली. मी पाकीट बंद करून त्या माणसाच्या वकिलांकडे नेलं. त्यांनी उघडलं आणि कागद उलटसुलट केला. "दीदी, शोई कोथाय?"

सहीची जागा कोरी होती.

घरी येऊन पुन्हा सही घेतली, या वेळी बॉलपेननं. बोट फिरवलं तर दाब लागत होता. वकिलांच्या टेबलावर कागद गुळगुळीत! तिसऱ्यांदा बाबांनाच टॅक्सीत घालून नेलं. तिथे पेनच उमटेना — त्याच पेननं वकिलांनी तारीख मात्र झरझर घातली. मग मी म्हटलं, अंगठा द्या. जन्मभर इतरांचे अंगठे तपासलेल्या बाबांनी मुकाट्यानं शाईत अंगठा बुडवला. तोही उमटला नाही.

थांबायला वेळ नव्हता. वकिलांनी पत्राशिवायच अर्ज पाठवला. तो फेटाळला गेला. आता फक्त फाशीची तारीख यायची आहे.

खरं सांगू? पहिल्यांदा पाकीट नेताना मला मनातून वाटत होतं, हे पोचू नये. बाबांना हे सांगायची माझी हिंमत नाही. पण नुसत्या वाटण्यानं शाई पुसली जात नाही, एवढं फिजिक्स मला येतं. मग काय झालं, ते मात्र आजही सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरला. 'मी जिवंत आहे' याच्याखाली बाबांची सही पहिल्या झटक्यात उमटली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत बसले होते.