टेपचं दुमडलेलं टोक

मंडळी, हे आपल्या शाळेच्या ग्रुपपुरतंच ठेवा.

जळगावातल्या एका दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरला हवा पुरवणाऱ्या यंत्रात दमटपणा घालवायला हीटर बसवलेला आहे. आज तिथून जळका वास आला, म्हणून मला बोलावलं. शेजारच्या डाळ मिलच्या भुशाने फिल्टर बुजला होता आणि वाऱ्याविना हीटर लालबुंद झाला होता.

हीटर जास्त तापला की कटआउट तो आपोआप बंद करतो. पण कोणीतरी दोन वायरी जोडून कटआउट डायरेक्ट करून, म्हणजे निकामी करून, ठेवलेला. जोडावरच्या टेपचं टोक दुमडलेलं होतं. पुढच्याला सोलायला सोपं जावं म्हणून असं टोक आमच्या कंपनीतला माझा एकच सोबती दुमडतो. त्याचं नाव लिहीत नाही.

जोड सोडवला, फिल्टर बदलला आणि जिन्यात जाऊन त्याला फोन लावला.

"भाऊ, हे तुझंच काम ना?"

"साहेबच बोलना, थेटर बंद नको पडाले, डायरेक्ट करी दे. मी काय करू भो?"

खाली आलो तर आमच्या कंपनीचे तेच साहेब डॉक्टरांसमोर मला विचारतात, "नाना, कोणाचा हा उद्योग?"

सोबत्याचं नाव घेतलं तर त्याची नोकरी जाते. साहेबांचं घेतलं तर आम्हा दोघांचीही जाते. गप्प बसलो तर उद्या पुन्हा कोणी डायरेक्ट करेल आणि तेव्हा आत टेबलावर पेशंट असेल.

"सकाळी सांगतो," एवढंच म्हणालो.

आत्ता देवापुढे दिवा लावला, हात जोडले, पण मागावं काय तेच सुचेना. तुम्ही माझ्या जागी असता तर कोणाचं नाव घेतलं असतं?