शिवणबाबा अन् माहा पाळणा

चहा ओता भाऊ, ओता. आज सांगूनच टाकतो. पण आधी कबूल करा, हसायचं तं माह्यावर हसायचं, जानेफळच्या शिवणबाबावर नाही. त्या देवाचा अन् माहा लय जवळचा संबंध हाय. अन् त्याच्यापायी म्या सासरी जो घोळ घालून ठेवला, तसा उभ्या वऱ्हाडात कोण्या जवायानं घातला नसंन!

माहा धंदा तुम्हाले ठाऊकच हाय. मेहकरात अन् आजूबाजूच्या खेड्यांत कोणाच्या छपरावर फांदी आली, विहिरीवर झाड झुकलं, का बोलवा किसनले. कमरेले दोर, खांद्यावर कुऱ्हाड, अन् सरसर वर! काम नसलं का लाकूड कोरत बसायचं. पाट, लाटणी, रव्या, लेकरायचे बैल. तेवढीच घरात मीठमिरचीची सोय. लोकं आवडीनं घेत बरं का! सासू सोडून.

सासूले आम्ही मामी म्हणतो. जानेफळची गोदामामी. बाई मनानं सोनं, पण तोंड? बाप्पा बाप्पा! लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याले म्या तिच्या देवघरासाठी मोठ्या हौसेनं एक नंदी कोरून नेला. मामीनं तो उलटा केला, सुलटा केला, दारात उजेडाले नेला.

"जवाईबुवा, डुक्कर कायले कोरलं?"

"मामी, नंदी हाय तो."

"हाव काय? बरं बरं. वजनदार हाय पण."

पुढच्या खेपेले गेलो तं माहा नंदी ओसरीच्या दाराले अटकण! वाऱ्यानं फळी आपटू नये म्हणून. आता सांगा, कलाकाराच्या काळजाले घर पडंन का नाही?

मंग सुभद्राले, म्हणजे माह्या घरच्यांले, दिवस गेले. बाळंतपणाले ती माहेरी गेली, अन् डोहाळजेवणाले मलेही बोलावणं आलं. पहिल्या लेकराचा पाळणा आजोळचा, अशी आपली रीत. मामीनं माळ्यावरून पाळणा काढला, पुसला, अन् चारचौघींत मिरवाले लागली, "याच्यातच सुभद्रा वाढली, याच्यातच तिचं लेकरू वाढंन."

माह्या नजरेसमोर काय आलं असंन? तो अटकणीचा नंदी! टाळकंच सरकलं माहं.

"हा काय पाळणा हाय मामी? आमच्या लेकराचा पाळणा मी करीन! शिवणीच्या लाकडाचा! चारी कोपऱ्यांले राघू कोरीन!"

सुभद्रानं पदराआड कपाळाले हात लावला. अन् मामी? मामी अशी गोड हासली, का तिथंच समजायले पाह्यजे होतं मले.

"करा ना जवाईबुवा. हा आमचा जुना मी आजच पुतणीले देऊन टाकतो. पण बारशाले पाळणा नसला, तं लेकराले काय तुमच्या झाडावर निजवू?"

अन् दिला ना भाऊ! संध्याकाळच्या आत पाळणा पुतणीच्या घरी! आता माघार कशी घ्यायची? बारशाले शिवणीचा पाळणा लटकला नाही, तं जलमभर मामीच्या तोंडी आपण. पोळा नाही, दिवाळी नाही, प्रत्येक जेवणात वाढलं जाईन आपल्याले.

बरं, बोलून बसलो, पण शिवण आणू कुठून? लाकूड कसं हलकं, चीर पडत नाही, पटाशीखाली लोण्यावाणी. पण गावात मिळंन तवा ना! मी झाडं पाहत नुसता फिरून राह्यलो.

अन् देवानं ऐकलं. म्हणजे तवा मले तसंच वाटलं. महाराष्ट्र नवा नवा झालता, खेड्यापाड्यांत लाईट येऊन राह्यली होती. जानेफळच्या सरपंचाचा निरोप आला, खांबायच्या रांगेत झाड आडवं येते, येऊन पाहा. गेलो. झाड कोणतं? शिवण! गावात एकुलती एक! अन् अंगावर एक पान नाही.

सरपंच म्हणजे लय रुबाबदार माणूस. गोल चेहरा, भरघोस मिशा. म्हणे, "किसन, नीट पाहून सांग बे. जितं हाय का मेलं? जित्या झाडावर कुऱ्हाड नको."

आता ऐका. झाड जितं का मेलं, हे पाहाचं तं साल नखानं खरवडा लागते. खाली हिरवं दिसलं तं जीव हाय. मलेही हे येतेच. पण डोळ्यासमोर पाळणा झुलून राह्यलता ना! माहं नख नेमकं एका वाळक्या सालीवर गेलं. गेलं तं गेलं, काय करू?

"मेलं सरपंचसाहेब. निरा खोड उरलं."

"मंग उतरव. लाकूड तुलेच राहू दे."

वा रे वा! आनंदानं पायच जमिनीवर ठरंनात. मोठं झाड उतरवाचं तं आधी कुठून कापायचं त्याची खूण करा लागते. मी चुन्यानं करतो. पिशवी पाह्यली, चुना संपला. होता काय? शेंदूर! एका मारुतीसाठी लाकडी गदा कोरली होती, तिच्यावर फासून उरलेला, तेलात कालवलेला. म्हणलं, खूण ती खूण. कमरेएवढ्या उंचीवर एक मोठी गाठ होती, तिच्यावर दिला फासून.

तिथंच थांबलो असतो तं आज हे सांगाची पाळी आली नसती. पण ती गाठ कशी होती माहीत हाय काय? गोल गरगरीत, अन् मधात नाकावाणी उंचवटा. हात शिवशिवले. म्हणलं, राघू कोरायच्या आधी जराक हात बसवून पाहू. पटाशी काढली, दोन डोळे कोरले, खाली तोंड कोरलं. झकास जमलं! मलेच हासू आलं. मंग करवतीले धार लावाले मेहकरले निघून गेलो. तिथं दुसरं एक काम निघालं, त्याच्यात चार दिवस अडकलो.

परत जानेफळले उतरलो तं घंटेचा आवाज. म्हणलं, एवढ्या सकाळी कोणाची आरती? जवळ जातो तं काय! झाडाखाली ही गर्दी! नारळ फुटून राह्यले, उदबत्त्या जळून राह्यल्या, बाया ओटी भरून राह्यल्या. अन् सगळ्यायच्या पुढं आरतीचं ताट घेऊन कोण? गोदामामी!

मले पाह्यल्याबरोबर ओरडली, "जवाईबुवा! लेक झाली तुम्हाले! शिवणबाबानं सुखरूप सोडवली माही सुभद्रा!"

लेक झाली! भाऊ, खरं सांगतो, डोळे भरून आले माहे. बऱ्याच वेळानं समजलं, का आपण एक गोष्ट विचारली नाही.

"मामी, कोण्या बाबानं?"

"हे काय तुमच्या समोर! पोरीले कळा लागल्या, सुईण घाबरून गेली. मी धावतच शेकासाठी गोवऱ्या आणाले निघाली, तं झाडात देव उभा! शेंदूर लावलेला, डोळे उघडे! तिथंच नवस बोलली. घरी पोचत नाही तं लेकराचं रडणं कानावर!"

अन् माह्या खांद्यावर काय? नव्यानं धार लावलेली करवत. सारं गाव तिच्याकडं पाहून राह्यलं.

"हे कायले आणलं?" मामीनं विचारलं.

"आरतीत वाजवाले," म्या म्हणलं. सुचलंच नाही दुसरं काही!

तेवढ्यात एक बाई किंचाळली, "बाबाच्या डोळ्यांत पाणी आलं!"

पाहतो तं खरंच. दोन्ही डोळ्यांतून थेंब लोंबून राह्यले. चपला कवा निघाल्या, हात कवा जोडल्या गेले, मलेच समजलं नाही. सगळ्यायच्या आधी दंडवत कोणी घातला असंन? म्या!

जमिनीले कपाळ टेकलं, तवा कुठी डोक्यात उजेड पडला. अबे किसन, पटाशी मारली तिथून रस येऊन राह्यला! अन् मेल्या झाडाले रस कुठून येईन? झाड तं जितं हाय!

घ्या. धंद्याचीही अब्रू गेली. पण ते मलेच ठाऊक होतं, म्हणून गप राह्यलो. लाईटवाल्यायच्या खांबापायी झाड तसंही जाणारच होतं, अन् बारसं तोंडावर आलं होतं. मामीले घरी एकटी गाठली.

"मामी, रागावू नका. तो देव म्या कोरला."

"काय?"

"खूण केली होती कापाची. हात शिवशिवले, म्हणून डोळे काढले."

मामीनं मले वरून खालपर्यंत पाह्यलं. "जवाईबुवा, तुमची हौस मोठी हाय हे ठाऊक हाय मले. पण आता देवही तुम्हीच केला म्हणता? अवो, काय ते डोळे, काय ते नाक! नजर ठरत नाही. ते काय माणसाच्या हातचं काम हाय?"

आता काय सांगू माही गत! जलमात पहिल्यांदा सासूनं माह्या कामाची तारीफ केली, अन् ती मले घेताही येईना! छाती फुगावी का कपाळ बडवावं?

"मामी, माह्याच हातचं हाय हो!"

तिनं ओसरीकडं बोट दाखवलं. दाराले टेकून माहा नंदी बसला होता.

"मंग कोरून दाखवा," मामी म्हणे. "सगळ्यायसमोर."

दाखवतो म्हणलं! कडुनिंबाचा एक ठोकळा घेतला अन् झाडाखाली बसलो. सारं गाव भोवती. सरपंच अगदी समोर येऊन उभे. आता कडुनिंब काय अन् शिवण काय! ते कडक, पटाशी हालंना. घाम डोळ्यांत. डोकं वर केलं का समोर सरपंचाचा चेहरा. डोळा जराक तिरपा गेला, तो लपवाले नाक मोठं केलं. नाकाखाली चीर पडली, ती लपवाले मिशा काढल्या.

ठोकळा वर धरला, तं एक म्हातारा म्हणे, "अबे, हे तं सरपंच होय!"

असं हासलं गाव, असं हासलं, का झाडावरचे कावळे उडाले. सरपंच लाल. मिशीवर हात फिरवत म्हणे, "किसन, माहं नाक एवढं हाय काय?"

मामीनं निकाल देऊन टाकला. "पाह्यलं? याच्यानं होते काय? बाबाचा अंश तो बाबाचाच!"

मंग कोणाची हिंमत झाडाले हात लावाची? लाईटवाल्यायनं खांबच बाजूले सरकवला. आजही त्या जागी तार वळसा घालून जाते. अन् बारशापर्यंत त्या मेल्या झाडाले गच्च पिवळी फुलं आली! शिवणीचं तेच तं हाय, आधी पानं झडते, मंग नुसत्या फांद्यांवर फुलं येते. मले, झाडवाल्याले, हे ठाऊक नसावं? ठाऊक होतं हो! पाळण्यापुढं दिसलं नाही.

बारशाचा दिवस आला. पाळणा? नाही. बाभळीचा एक करून पाह्यला, तो लेकराआधी मलेच बोचला. मान खाली घालून सासरी गेलो. म्हणलं, आज मामी सोलून काढते.

पण मामीनं पोरीले उचललं. सगळ्या बायांले घेऊन झाडाखाली गेली. आपल्या नव्या लुगड्याची झोळी केली, शिवणबाबाच्या फांदीले बांधली, अन् माह्या लेकीले तिच्यात अलगद निजवली. वरून पिवळं फूल पोरीच्या पोटावर पडलं. मामीनं झोका दिला अन् माह्याकडं वळून म्हणे, "शिवणीचाच पाळणा पाह्यजे होता ना तुम्हाले? घ्या. तुमच्यानं झाला नाही, बाबानं देला. अन् पोरगी झाडावरच निजली का नाही?"

बोला आता! गुमान पाया पडलो. आधी बाबाच्या, मंग मामीच्या.

तो कडुनिंबाचा ठोकळा कुठी गेला म्हणता? जानेफळले गेले तं पाहून या. ओसरीच्या दाराच्या एका फळीले माहा नंदी टेकला हाय, अन् दुसऱ्या फळीले माहा सरपंच. अन् मामी येणाऱ्या-जाणाऱ्याले कौतुकानं सांगते, "आमचे जवाई लय मोठे कलाकार हायेत बरं! घराची दोन्ही दारं त्यायच्याच जिवावर उघडी हायेत."