विहिरीच्या ओळीपर्यंत

दीनानाथ फाटक सदाशिव पेठेत एकोणतीस वर्षे मोडी कागद वाचून देत आहेत. जमिनीच्या वादातले दोन्ही पक्ष समोर बसतात आणि ते मोठ्याने वाचतात. लेखी प्रत नंतर मिळते. पण प्रत्येक शब्द आधी दोघांच्या कानांवर एकाच वेळी पडला पाहिजे, हा त्यांचा नियम. त्यामुळे एरवी कशावरच न जमणारी माणसेही त्यांच्या नावावर एकमत होतात.

मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. ते सोडवताना दीनानाथांची मान पुढे जाते, हनुवटी मात्र वर राहते. १९९८च्या छायाचित्रात त्यांचा कान खांद्याच्या रेषेत आहे. २०११मध्ये तो चार बोटे पुढे आलेला दिसतो. गेल्या वर्षीच्या छायाचित्रात खांदा पार मागे राहिला आहे. छायाचित्रांवरून निदान करू नये, हे मान्य. पुढे गेलेल्या मानेमुळेच जबड्याचा सांधा बिघडतो, असे ठाम सांगणारा पुरावाही मला सापडला नाही. काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. त्यांची मुलगी स्पृहा फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या वहीत एवढीच नोंद आहे : दिवाळीपासून घास चावताना बाबांच्या कानापाशी ‘टक्’ होते, आणि ते समोरच्यालाही ऐकू येते.

“बाबा, कागद स्टँडवर ठेवा. आणि जांभई आली तर हनुवटी हाताने धरा. सांधा सैल झालाय.”

“पुण्यात तोंड आवरणारा माणूस दिसला, तर लोक वर्गणी काढून सत्कार करतील गं.”

स्टँड आला. तिसऱ्या दिवशी त्यावर वर्तमानपत्र होते.

जानेवारीत कात्रजपलीकडच्या, आता महापालिकेत आलेल्या एका गावातून दत्तोबा आणि पोपट हे चुलतभाऊ पणजोबांचे वाटणीपत्र घेऊन आले. विहिरीकडचा पट्टा कोणाचा, एवढाच प्रश्न होता. दीनानाथ दीड तास वाचत होते. विहिरीच्या ओळीपाशी त्यांनी डोके वर केले आणि त्यांना जांभई आली. कानापाशी काहीतरी सरकले. तोंड मिटेना.

दोघे वाट पाहत राहिले. दीनानाथांच्या घशातून नुसता स्वर निघत होता. त्यांनी चिठ्ठीवर लिहिले : जबडा निखळला, थांबा.

दत्तोबाने चिठ्ठी वाचून पोपटकडे सरकवली. “विहिरीचं नाव आलं आन् बोलती बंद. बरं जमवलंस.”

“मी? सकाळी तूच येऊन गेला असशील हितं.”

स्पृहाने वडिलांना रिक्षाने रुग्णालयात नेले. जबडा बसवायला पाच मिनिटे लागली. डॉक्टरांनी महिनाभर मोठ्याने वाचायला मनाई केली. एकदा निखळलेला सांधा पुन्हा सहज निखळतो, हेही बजावले.

चौथ्या दिवशी दत्तोबाचा फोन आला. “गुरुजी, लिवलेलं नको. रविवारी गावात या, सगळ्यांम्होरं तोंडानं वाचा. नाय आलात तर काय समजायचं ते आमी समजू.”

“महिना थांबायला सांगा त्यांना,” स्पृहा म्हणाली.

“महिनाभरात मी कोणाचा माणूस ते सगळं गाव ठरवून मोकळं होईल.”

रविवारी देवळापुढच्या मंडपात तीसेक माणसे बसली होती. दीनानाथांनी कागद मांडला आणि मान पुढे नेली. दुसऱ्याच ओळीला सांधा वाजला. ते क्षणभर थांबले, आणि मंडपातली कुजबुजही थांबली. मग त्यांनी वाचन पुढे सुरू केले. दत्तोबा आणि पोपट, दोघांपैकी कोणीही कागदाकडे पाहत नव्हते. दोघांची नजर दीनानाथांच्या तोंडावर होती. विहिरीची ओळ अजून दोन पाने दूर होती.