रोमला गेलेला फोटो

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिचा चेहरा सुजायचा. मूत्रपिंडातून प्रथिनं गळत होती. रोज सकाळी मी तिची लघवी परीक्षानळीत घेऊन गॅसवर तापवायची. ती नितळ राहिली तर दिवस बरा जायचा, पांढरी झाली की प्रथिनं अजून जाताहेत हे कळायचं. बुलढाण्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे परीक्षानळी हातातली होती. गोळ्या सुरू केल्या की सूज उतरायची, बंद केल्या की परत यायची.

रक्त तपासायला आम्ही जवळच्या मिशनच्या दवाखान्यात जायचो. तिथली सिस्टर केरळची, पण इकडेच आयुष्य गेलेलं. तिचा हात हलका, म्हणून मुलगी तिच्याकडूनच सुई टोचून घ्यायची. एकदा सिस्टर म्हणाली, ती रोमला चालली आहे. त्यांचा नन्सचा संघ ज्यांनी सुरू केला त्या दिवंगत बाईंना पोप संत म्हणून जाहीर करणार होते.

"संत कोण, हे पोप कसं ठरवतात?" मी सहज विचारलं.

तिने सांगितलं. परदेशातला एक मुलगा मरणाला टेकला होता. त्याच्या आईने या बाईंकडे प्रार्थना केली आणि तो उठून बसला. डॉक्टरांनी सगळे कागद तपासले, उपचाराने हे झालेलं नाही असं सांगितलं, आणि मग पोपने मान्यता दिली.

मी बौद्ध घरातली. नवस, अंगारा, गंडा आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. देवावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. पण डॉक्टरांनी तपासलं आणि एवढ्या मोठ्या माणसाने शिक्का मारला, हे ऐकून माझ्या मनात काहीतरी हललं. देव नको होता, शिक्का हवा होता. पर्समधला मुलीचा पासपोर्ट फोटो मी सिस्टरपुढे धरला.

"त्यांचा हात लागला तर बघा."

"मॅडम, पोप बरं करत नाहीत," ती हळूच म्हणाली. "बरं झालं, एवढं सांगतात." तरी तिने फोटो घेतला.

त्याच आठवड्यात बाबा नातीला बघायला आले. माझे बाबा मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. जिल्हा परिषदेचे निवृत्त मास्तर. बुद्धपौर्णिमेला विहारात त्यांचं भाषण ठरलेलं असायचं, आणि विषयही ठरलेला: आजारी लेकराला आधी दवाखान्यात न्या, बाबा-बुवाकडे नाही. त्यांचं ऐकून गावातल्या कित्येक बायकांनी पोरांच्या गळ्यातले गंडे काढले होते.

मुलगी त्यांच्या मांडीवर बसून म्हणाली, "आजोबा, माझा फोटो रोमले जाऊन राह्यला. पोपकडे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोळ्यांची कणीक मळायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घालून तयार झाले. "त्या सिस्टरकडे चाल माय, मले भेटायचं हाये."

आता भांडण होणार, या धास्तीने मी रिक्षात बसले. दवाखान्याच्या दारात भिंतीवर येशूची तसबीर होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि चपला काढल्या. तिथे कोणीच चपला काढत नाही. त्यांच्या टाचांच्या भेगा मला दिसल्या.

"सिस्टर, तो पोरगा बरा झाला म्हणते, त्याले काय होतं?"

"मेंदूला सूज होती, बाबा."

"किडनीच्या लेकराले चालते का?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. सिस्टर खुर्चीतून उठली. "चालतं का, मला माहीत नाही. मी मागीन."

बाबांनी खिशातून एक फोटो काढला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतला, पांढऱ्या साडीत हातात निळा झेंडा धरलेली माझी मुलगी. "तो फोटो लहान हाये. पोपसाहेबाले दिसणार नाही. हा घ्या."

परतताना रिक्षात ते रस्त्याकडे बघत होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "विहारात सांगू नको."

बाबांनी मला कधी काही लपवायला सांगितलं नव्हतं.

सिस्टर रोमहून परत आली ती मुलीसाठी चॉकलेटं घेऊन. माळ नाही, पदक नाही. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं, "गर्दी फार होती. पोप मला पडद्यावरच दिसले. फोटो दोन्ही माझ्या पिशवीत होते, प्रार्थना केली." ती खोटं बोलू शकली असती. मला आधी तिचा राग आला, पुढे घुसता आलं नाही का, असं तोंडावर आलं होतं. मग त्या रागाचीच लाज वाटली.

पुढे संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली, औषध बदललं, आणि सूज हळूहळू यायची थांबली. आता मुलगी अकरावीत आहे. औषध कधीच बंद झालं. "डॉक्टर चांगला मिळाला," सिस्टर म्हणते, आणि मला तेच ऐकायचं असतं.

पण बाबांनी विहारात पुन्हा भाषण केलं नाही. पहिल्या वर्षी घसा बसलाय म्हणाले, दुसऱ्या वर्षी गुडघे. लोकांना वाटलं, वय झालं. मला माहीत होतं. मीच त्यांना त्या दारापर्यंत नेलं होतं. मी फोटो दिला नसता, तर त्यांनी आयुष्यात विहाराबाहेर कोणापुढे चपला काढल्या नसत्या.

यंदा मी गावी असताना विहारातली मंडळी भाषणाचं विचारायला घरी आली. बाबा म्हणाले, "हे बोलन. शिकलेली हाये." बुद्धपौर्णिमेला मी विहारात उभी राहिले. लेकराचा चेहरा सुजला तर लघवी कशी तपासायची, दवाखान्यात कधी न्यायचं, औषध मधेच का सोडायचं नाही, सगळं सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता. बायका मन लावून ऐकत होत्या. एका तरुण आईने विचारलं, "मॅडम, तुम्ही कधीच कुठं गेल्या नाही? काहीच केलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

बाबा मागच्या रांगेत बसून सतरंजीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.