खोक्याचा खुराक

मांजर घरात आणताना मला कुणी विचारलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. नवरा माल पोचवायची व्हॅन चालवतो. एका संध्याकाळी तो पुठ्ठ्याचा एक खोका छातीशी धरून आला आणि दारातूनच म्हणाला, "आधी ऐकून घे." ज्या बोलण्याची सुरुवात 'आधी ऐकून घे' अशी होते, त्याचा शेवट माझ्या पर्समध्ये होतो, हे मला लग्नापासून माहीत आहे. खोक्यात मुठीएवढं करडं पिल्लू होतं. गोदामात सापडलं, आईचा पत्ता नाही, कुणाच्या तरी चाकाखाली आलं असतं, वगैरे वगैरे.

"इथे आपलंच अंथरूण आखूड," मी म्हटलं, "त्यात याला कुठे झोपवतोस?"

"खोक्यात," तो म्हणाला. म्हणून त्याचं नाव खोका.

मला अजून बरंच बोलायचं होतं. पण तेवढ्यात सासूबाई आतून आल्या, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, पिल्लाला नीट न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "हा जेवलाय का?" संपलं. त्यापुढे माझं कोण ऐकतंय!

सासूबाईंनी उभं आयुष्य एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काढलं. भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी सगळं स्वयंपाकघर त्यांच्या हुकमावर चालायचं. तिथली माणसं त्यांना मुकादम म्हणत, तोंडावरसुद्धा. पातेली एवढी मोठी की घासायला माणसाला आत उतरावं लागे. निवृत्त झाल्यावर त्या 'चार दिवस' म्हणून आमच्याकडे आल्या. त्यांची भाड्याची खोली तिकडे दुसऱ्या गावात होती, तिला कुलूप लावून आल्या होत्या. चार दिवसांचे चार महिने झाले, तरी या पाहुण्यासारख्याच. चहा करायचा तरी मला विचारणार. ओट्यापाशी आल्या की हात मागे बांधून उभ्या राहणार. ज्या बाईच्या आवाजाने वसतिगृहातली पोरं ताटातलं निमूट संपवत, ती माझ्या एवढ्याशा स्वयंपाकघरात "मीठ कुठे ठेवतेस गं?" असं हळूच विचारायची.

आणि मधूनच म्हणायच्या, "आता निघायला हवं."

मी म्हणायची, "तुमच्या मनाला येईल तसं करा, आई." दुसरं काय म्हणणार? मोठ्या माणसाला धरून थोडंच ठेवता येतं! पण खरं सांगू? दिवसभर लाँड्रीत इस्त्र्या करून मी घरी यायची, तेव्हा दार आतून उघडायचं. मला ते फार आवडायचं.

आता खोका आल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं, "हा जरा अंगाने भरला की मी जाते." झाली का पंचाईत! पिल्लू जितकं लवकर वाढणार, तितक्या लवकर या जाणार. आणि वाढवणार कोण, तर याच. मी देवाला काय मागायचं ते तरी सांगा.

पहिले दोन दिवस मुकादमांनी वसतिगृहाचा जुना नियम चालवला. माणसं जास्त आणि सामान कमी असलं की दुधात पाणी घालायचं आणि पाव कुस्करायचा. स्वस्तात पोट भरतं. खोक्याचं पोट भरलं आणि लगेच रिकामंही झालं. खोक्यात, खोक्याबाहेर, नवऱ्याच्या बुटात. बुटाचं मला विशेष वाईट वाटलं नाही.

प्राण्यांची डॉक्टरीण तरुण होती, पण तिच्या बोलण्याला धार होती. "दूध कुणी पाजलं?"

"मांजर दूध पितं," सासूबाई ठामपणे म्हणाल्या.

"आवडीने पितं, आजी. पचवत नाही. आणि पाव खाऊन ते वाढणार कसं? याला मांस हवं, अंडं हवं. पिल्लांचं कोरडं खाणं मिळतं ते कोमट पाण्यात भिजवून द्या. पोट एवढंसं आहे, म्हणून थोडं थोडं, दिवसातून चारदा. बाजूला स्वच्छ पाणी. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण नाही, शिजवलेलं हाड नाही."

"मीठसुद्धा नाही?" सासूबाईंनी असं विचारलं, जणू तिने श्वास घ्यायला बंदी केली होती.

दुकानात पिल्लांच्या खाण्याच्या पिशवीवरची किंमत वाचून मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. रोज चारी वेळा हेच घालायचं म्हटलं तर आम्हा तिघांना उपाशी राहावं लागलं असतं. तिथे मात्र मुकादम जाग्या झाल्या. "लहान पिशवी घे," त्या म्हणाल्या. "दोन वेळा हे, दोन वेळा घरचं. घरच्याचं मी बघते." मग माझ्याकडे वळून, एकदम मवाळ आवाजात, "म्हणजे, तुझी हरकत नसेल तर."

मी त्यांना मागची शेगडी देऊन टाकली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात वसतिगृह सुरू झालं. चिकनवाल्याकडे दुकान बंद व्हायच्या वेळेला जायचं, म्हणजे मानेचे तुकडे, कडेचे कापून टाकलेले भाग, कोणी न नेलेलं छातीचं मांस मातीमोल मिळतं. चिकनवाला पहिल्यांदा हसला. मग सासूबाईंनी त्याच्या फळीवरचे तुकडे असे काही उलटेपालटे करून तपासले की तो बिचारा मावशी मावशी करायला लागला. काळीज मिळालं तर आठवड्यातून एखाद्या वेळी, चवीपुरतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. घरी आणून सगळं उकडायचं, एकेक हाड चिमटीने काढायचं, मांस बारीक करून त्यातच त्याचं पाणी घालायचं आणि बर्फाच्या साच्यात ओतून गोठवायचं. एका जेवणाला एक वडी.

व्यवस्था चोख. फक्त नवऱ्याला कुणी सांगितलं नाही. तो उन्हातून आला, सरबताच्या पेल्यात तीन वड्या टाकल्या, एक मोठा घोट घेतला आणि पेला उजेडात धरून पाहिला. मग म्हणाला, "सरबत बदललंस का?" त्या दिवशी सासूबाई इतक्या हसल्या की पदर तोंडात कोंबून ओट्याला टेकल्या. चार महिन्यांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. खोका पेल्यापाशी बसून आशेने नवऱ्याकडे बघत होता.

सासूबाईंची एक खोड म्हणजे, पुन्हा मागणाऱ्याला नाही म्हणायचं त्यांना माहीत नव्हतं. खोक्याने हे अचूक ओळखलं. वाटी पंजाने वाजवायची आणि केविलवाणं ओरडायचं, की आलीच वडी. थोड्याच दिवसांत तो गाडग्यासारखा गोल दिसायला लागला. डॉक्टरीणबाईंनी त्याला उचललं आणि म्हणाल्या, "आजी, मांजर वाढवा म्हटलं होतं, पोट नाही." मी खिडकीबाहेर बघून हसले. परत येताना सासूबाई त्याला समजावत होत्या, "तूच चुगली केलीस ना? एवढं पोट पुढे काढून बसायची काय गरज होती?"

मग प्रमाण ठरलं, आणि खोका खरंच सुरेख वाढायला लागला. अंग लांबट झालं, केसांवर चकाकी आली, पडद्यावर चढण्याइतकी अक्कलही आली. आता माझं काय व्हायचं ते बघा. त्याला बघून आनंद व्हायचा आणि त्याच वेळी सासूबाईंची कपड्यांची पिशवी जागेवर आहे ना, ते मी बघून घ्यायची. एकदा मी त्याला म्हटलंसुद्धा, "घाई काय आहे रे मेल्या?"

आणि मग जे झालं ते फक्त हाडाच्या स्वयंपाकिणीच्याच हातून होऊ शकतं. वाढण्याआधी चाखायचं, ही त्यांची जन्माची सवय. खोक्याचं खाणंही त्या रोज चाखत. आणि रोज त्यांचा जीव कासावीस व्हायचा. अळणी! बेचव! असं ताट कुणापुढे ठेवायचं म्हणजे त्याचा अपमान करायचा. तरी बाईंनी मन मारून बरेच दिवस काढले. मग एके दिवशी खोक्याने वाटी हुंगली आणि पाठ फिरवून निघून गेला. त्याला भूक नसेल, किंवा माशी पकडायची असेल. पण मुकादमांना ते लागलं. मीठ तर डॉक्टरीणबाईंच्या शब्दाखातर नाहीच घातलं; कांदा-लसूण मात्र तेलावर छान परतून वड्यांत मिसळला. त्यांच्या लेखी मीठ ही मोठी गोष्ट होती, कांदा कसा काय नडेल? खोक्याने मिटक्या मारत खाल्लं. मला वास यायचा, वाटायचं आमच्याच जेवणाची तयारी चाललीय.

थोड्या दिवसांनी खोका उठेना. वाटी वाजवली तरी डोळे फक्त किलकिले करायचा. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. नवऱ्याने व्हॅनमधला माल तसाच ठेवून आम्हाला दवाखान्यात नेलं.

"काय खाल्लं याने?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "कांदा. लसूण. मी घातला. चव नव्हती म्हणून."

एवढी तोंडाळ डॉक्टरीण, पण तेव्हा ओरडली नाही. म्हणाली, "त्याने मांजराच्या रक्तातल्या पेशी फुटतात, आजी. पण वेळेत आणलंत. बघू या."

खोका तिथे सलाईन लावून राहिला. घरी सासूबाई कोपऱ्यात बसल्या. मागची शेगडी मीच पुसली. "एवढी पोरं जेवली माझ्या हातची," त्या एकदाच म्हणाल्या, "एकाला कधी ओकारी झाली नाही. आणि हा एवढासा जीव..." मला गंमत करून त्यांना हसवायचं होतं. सरबताची आठवण काढली, नवऱ्याला चिडवलं. काही उपयोग झाला नाही. मलाच रडू आलं, मग मी इस्त्री करायला घेतली.

खोका वाचला. चांगलाच वाचला, कारण घरी आल्या आल्या त्याने आधी माझ्या बोटाला चावून पाहिलं. भिजवलेलं खाणं अख्खं संपवलं आणि वाटी पंजाने वाजवली. मी आनंदाने वळले तर सासूबाई साडीच्या निऱ्या नीट करत उभ्या होत्या, हातात पिशवी.

"आता निघते," त्या म्हणाल्या. "खातोय तो. तू त्याला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं बरोबर देतेस. माझ्या हाताचा काही भरवसा नाही राहिला."

आणि त्यांचे दिवटे चिरंजीव, म्हणजे माझा नवरा, गाडीची किल्ली फिरवत दारात! "आईची इच्छा आहे म्हणते," मला बघून तो पुटपुटला आणि खाली गाडी सुरू करायला पळाला. मी संतापले. त्याच्यावर, खोक्यावर, कांद्यावर, सगळ्या जगावर.

"तुमची इच्छा आहे, आई?" मी विचारलं.

"घर तुझं आहे. तुझ्या घरात मी किती दिवस—"

"घर माझं आहे ना? मग माझ्या घरात काय व्हायचं ते मी सांगणार!" माझा आवाज चढला तो चढलाच. "तुम्ही जायचं नाही. खोका गाढवाएवढा झाला तरी नाही. कामावरून आल्यावर घरात कुणी नसलं तर मला करमत नाही, हे काय आता तुम्हाला लिहून देऊ? तुम्ही मला हव्या आहात!"

मी एवढं कधी बोलले नव्हते. त्या खुर्चीवर बसल्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून. खालून नवरा हॉर्न वाजवत होता.

"अगं, मला कुठे जायचं होतं," शेवटी त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो वसतिगृह गाजवणारा आवाज अगदी एवढासा झाला. "तुम्ही कुणी राहा म्हणेना, म्हणून निघाले. तिकडे खोलीवर जाऊन करू काय? एकटीपुरतं शिजवायला मला येतच नाही गं. कधी शिजवलंच नाही."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं, गाडी बंद कर आणि वर ये.