आत्याने कॅमेरा घेतला

माझ्या आत्याला घरात सगळे फौजदार म्हणतात. तोंडावर नाही, एवढी कुणाची छाती नाही. दूधवाल्याने माप सांडेस्तोवर भरलं तर ती विचारते, "आज एवढी माया कशाची?" कमी भरलं तर बोलायलाच नको. बाहेर जाताना कुलूप लावलं की स्वतः ओढून बघते, मग शेजारणीला ओढून बघायला लावते, आणि शेजारणीने ओढताना काही करून तर ठेवलं नाही ना म्हणून पुन्हा ओढते. डोळे तपासून घे असं मी तिला किती वेळा सांगितलं असेल! तिचं उत्तर ठरलेलं. "नंबर वाढवणं हा चष्मेवाल्याचा धंदाच आहे गं. त्यालाच जाऊन विचारू?"

आत्या रफू करते. खिडकीशी खुर्ची, मांडीवर उशी, उशीवर फाटकं कापड. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून काढायचा आणि त्या धाग्याने भोक विणून बुजवायचं. फाटलं कुठे होतं ते ज्याचा कपडा त्यालाही सापडू नये, असं तिचं काम. हे काम तिला चौकातल्या लाँड्रीतून येतं, आताच्या लाँड्रीवाल्याच्या वडिलांच्या वेळेपासून. तिने लग्न केलं नाही, भावापुढे कधी हात पसरला नाही, आणि आमच्या घरात ताठ मानेने बोलणारी ती एकटी. तो सगळा ताठा त्या सुईच्या जोरावर.

भानगड सुरू झाली माझ्या शालीपासून. लोकरी शाल, तिला कसर लागली. मी ती लाँड्रीत टाकली, म्हटलं धुऊन होईल आणि रफूला तिकडून आत्याकडे जाईलच. शाल परत आली ती पांघरूनच मी आत्याकडे गेले. तिने सवयीने शालीचा पदर उलटा केला, मागून बोट फिरवलं आणि तिचा चेहराच पालटला.

"हा माझा हात नव्हे," ती म्हणाली.

"म्हणजे? शाल तुझ्याकडे आली नव्हती?"

"आली होती. रफू मीच केलं. पण हे ते नाही. मी मागच्या बाजूला धाग्याची टोकं सोडते. कापड आटलं तरी वीण सुटत नाही. इथे टोकं आहेत का बघ. साफ कापलीत! कुणीतरी माझं काम उसवून आपलं बसवलंय."

मी म्हटलं, असेल काहीतरी, लाँड्रीवाल्याला विचारू. तर माझ्यावरच खेकसली. "विचारलं की सावध होईल तो! अगं, त्याला मला काढून टाकायचंय. दुसरी कुणीतरी धरलीय त्याने. आज माझं उसवतोय, उद्या म्हणेल, आत्या, तुमचं काम टिकत नाही, आता येऊ नका. मग मी काय करू? तुझ्या बापाच्या दारात बसू?" तिचा आवाज कापत होता. मला तिची दयाही आली आणि रागही आला. सरळ विचारायचं सोडून हिला हेरगिरी करायची होती. कपडा तिच्या हातून जाताना एक फोटो काढायचा आणि लाँड्रीतून गिऱ्हाइकाला जायच्या आधी दुसरा. म्हणजे मुद्देमालासकट चोर पकडता येतो.

मी माझा फोन पुढे केला. तिने पेटीतून एक निळी चिंधी काढली, तिच्यावर तिच्या उमेदीतलं रफू होतं. तिचा फोटो काढला तर फोनमध्ये कापड कसं अगदी नितळ, नवंकोरं दिसलं. "बघ," ती म्हणाली, "रफू दिसतंय? नाही दिसत. हा तुझा फोन तोंडदेखलं बोलणारा आहे. माणसांच्या सुरकुत्या पुसतो तसा कापडाचा जोडही पुसून टाकतो. असला साक्षीदार माझ्या काय कामाचा?"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती चिंधी पदराआड लपवून आत्या आणि रिक्षाभर कुरकुर करणारी मी, अशा आम्ही कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो.

दुकानदार पन्नाशीचा, गोडबोल्या. "या आजी! कशासाठी हवा कॅमेरा? प्रवासाला? नातवंडांचे फोटो? पक्षी बघता का?"

"आजी कुणाला म्हणता? आणि कशासाठी ते तुम्हाला कशाला हवं? तुम्ही दाखवा."

त्याने एक दाखवला, त्यातून म्हणे लांबच्या इमारतीच्या गच्चीवरचा माणूस ओळखू येतो. आत्याने काउंटरवर चिंधी पसरली आणि फोटो काढायला लावला. नुसता निळा धूर! दुसरा दाखवला, त्याची किती कोटी ठिपक्यांची महती त्याने गायली. त्यात चिंधी दिसली, पण फ्लॅशच्या उजेडात पांढरीफटक पडली. तिसऱ्यात चिंधी हिरवट आली.

"हा रंग बदलतो," आत्या मला कुजबुजली. "उद्या लाँड्रीवाला म्हणेल, हा कपडाच आमचा नाही."

"अहो, पण या कापडात तुम्हाला बघायचंय तरी काय? काहीच तर नाहीये त्यात," दुकानदार म्हणाला. त्याने चिंधी डोळ्यांजवळ धरली, उलटीसुलटी केली.

"आहे. तुमच्या कॅमेऱ्यांना दिसत नाही."

झालं, माझा संयम संपला. मी म्हटलं, "आत्या, पुरे झालं! डॉक्टरकडे जाऊन कुठे दुखतंय ते न सांगता औषध मागतेस तू! दादा, हिला कापडाच्या धाग्यांचे फोटो जवळून काढायचेत. लांबचं काही नको, हलणारं काही नको. धागा न् धागा दिसला पाहिजे आणि रंग खरा पाहिजे." आत्याने मला कोपराने असा ढोसा दिला की बरगडी शेकायची वेळ आली.

पण दुकानदाराचा चेहरा उजळला. "असं आधी सांगायचंत ना!" त्याने लांबलचक भिंगं बाजूला सारली आणि मागच्या कपाटातून एक ठेंगणा कॅमेरा काढला. हा वस्तूच्या अगदी अंगाशी नेला तरी चित्र धूसर होत नाही, म्हणाला. ठिपक्यांची संख्या मोठी असली म्हणून धागा दिसतो असं नाही, जवळून नजर ठरावी लागते. फ्लॅश बंद करा, कपडा दाराशी न्या, उजेड बाजूने पडू द्या, म्हणजे वीण उठून दिसते. रंगासाठी शेजारी पांढरा कागद ठेवा. सगळं त्याने हाताने करून दाखवलं.

"हा बाकीच्यांपेक्षा स्वस्त कसा? खपत नसेल म्हणून माझ्या गळ्यात मारताय."

"खपत नाही हे खरंय," तो बिचारा म्हणाला. "लोकांना लांबचं बघायचं असतं हो."

आत्याने दारातल्या उजेडात चिंधीचा फोटो काढला, पडद्यावर मोठा केला. आणि दिसलं! निळ्या धाग्यांत निळे धागे, एक वर, एक खाली, कुठे चूक नाही, नुसत्या त्यांच्या झळाळीत सूतभर फरक. दुकानदार "वा!" म्हणाला. आत्याने पडद्यावरच्या त्या विणीवरून बोट फिरवलं. "हाच द्या," ती म्हणाली. "पण हा मांडून ठेवलेला नको. बंद खोकं माझ्यासमोर फोडा."

नंतर तिच्याकडे एक राखाडी पँट आली, गुडघ्यावर फाटलेली. रफू करून पाठवायच्या आधी तिने फोटो काढला. मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. मी आतून लाँड्रीवाल्याला फितूर नसेन कशावरून? काढलेला फोटो तिने नीट बघितलाही नाही. म्हणाली, आपल्याच कामाचं काय बघायचं, बघायचंय ते त्या चोराचं.

पँट गिऱ्हाइकाला जायची होती त्या दिवशी आम्ही लाँड्रीत जाऊन धडकलो. पँट इस्त्री होऊन टांगलेली. आत्याने सरळ जाऊन ती उतरवली, गुडघा उलटा करून बोट फिरवलं.

"टोकं नाहीत!" ती ओरडली. "सापडलास!"

लाँड्रीवाल्याच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. "आत्या, बसा तरी आधी," तो म्हणाला.

"बसायला नाही आले!" तिने पँट दारात उजेडाला नेली, पांढरा कागद ठेवला, फोटो काढला. मग काउंटरवर कॅमेरा ठेवून आधी घरचा फोटो, मग हा, असे दोन्ही मोठे करून त्याच्या नाकासमोर धरायला गेली. धरता धरता स्वतः बघितले आणि थांबली.

मी तिच्या खांद्यावरून बघत होते. एका फोटोत धागे कुठे दोन दोन एकत्र गेलेले, एक ओळ सुटलेली, मध्येच कापड ओढलं जाऊन चुणी पडलेली. दुसऱ्यात गुडघा निव्वळ साफ.

"हा चांगला तो माझा," आत्या म्हणाली. "क्रम उलटा झालाय. कॅमेरा लबाड आहे हा."

तिने फोटो पुढे केला, मागे केला. मग पँट उचलून पडद्याशेजारी धरली. साफ गुडघा तिच्या हातात होता.

"दोनतीन गिऱ्हाइकं भांडून गेली, आत्या," लाँड्रीवाला खाली बघत म्हणाला. "मग मी मागच्या गल्लीतल्या बाईंकडून परत करून घ्यायला लागलो. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? तुमच्या मांडीवर खेळलोय मी."

"आणि माझी मजुरी?"

"ती देत होतोच की."

"म्हणजे दया करत होतास!" तिचा आवाज एवढा चढला की रस्त्यावरचे वळून बघायला लागले. "माझ्यावर! चोरी केली असतीस तर परवडलं असतं मेल्या!"

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मलाही हुंदका आवरेना. आत्या मात्र रडली नाही. तिने पँटची घडी घातली, गुडघ्यावरच्या त्या दुसऱ्या बाईच्या कामावरून एकदा अंगठा फिरवला.

"हात चांगला आहे तिचा," ती म्हणाली. "उद्यापासून रफू सरळ तिच्याकडे दे."

"आणि तुम्ही, आत्या?"

ती दारापर्यंत गेली, तिथे थांबली. आमच्याकडे वळली नाही.

"मला बटणं पाठव," ती म्हणाली. "बटणं दिसतात मला."