तणाला घातलेलं पाणी

"जगताप, मी लॉन करायला सांगितलं होतं. तुम्ही तणाला पाणी घालताय?"

साहेब व्हरांड्यातून ओरडले. त्यांचं म्हणणं खरं होतं. बारामतीला कॅनॉल खात्याच्या बंगल्यापुढं मी मुद्दाम तण उगवू देत होतो.

तेव्हा मी बागेचा सुपरवायझर होतो, टेम्पररी. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे साहेबांच्या हातात होतं. दसऱ्याला पुण्याहून मोठे साहेब सहकुटुंब येणार होते. चहा लॉनवर व्हायचा होता.

आधीचं लॉन लव्हाळ्यानं गिळलं होतं. लव्हाळा दिसतो गवतासारखाच. उपटला की पाती हातात येते, गाठ जमिनीत राहते. आठ दिवसांत पुन्हा हजर.

"साहेब, आत आहे ते आधी वर येऊ द्या," मी म्हणालो. "मग गाठीसकट खणून काढू. असं तीनदा. मगच लॉन."

"किती दिवस?"

"दीड महिना."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मला कायम करायची ऑर्डर काढू नका."

बोलून गेलो खरा, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सांगवीच्या सोनाबाई तीन बायका घेऊन खुरपायला आल्या. पाणी द्यायचं, कोंब दिसले की खोल खुरपायचं, गाठी वेचून जाळायच्या. पहिल्या खेपेला सहा घमेली गाठी निघाल्या. तिसऱ्या खेपेला ओंजळभर. मधेच हेडक्लार्कनं ताज्या शेणाच्या दोन गाड्या पाठवल्या. मी परत पाठवल्या. कच्च्या शेणातून तणाचं बी येतं. मला पुरतं कुजलेलं खत हवं होतं.

पाऊस पडल्यावर लॉनसाठी हरळीच्या कांड्या लावायला काढल्या. सोनाबाई कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या.

"आवं सायेब, जल्मभर आमी ही हरळी रानातनं उपटतोय, आन तुमी लावताय?"

"इथलं पीक हेच, बाई."

"खायचं व्हय हे?"

"नाही. यावर बसून चहा प्यायचा."

"मग आमच्या बांधावर या की! हरळी लई हाय. च्या मी देते."

बायका हसून लोटपोट झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीनं सवयीनं हरळीची अख्खी ओळ उपटून ठेवली. जीभ चावत तिनंच ती पुन्हा लावली.

दसऱ्याला लॉन हिरवंगार होतं. मोठ्या साहेबांच्या बाईसाहेब चपला काढून त्यावर फिरल्या. मोठ्या साहेबांनी विचारलं, "तणावर औषध कुठलं मारलंत?"

"औषध नाही, सर," आमचे साहेब ऐटीत म्हणाले. "लावायच्या आधीच दीड महिना तण उगवू दिलं आणि काढलं. जरा धीर धरावा लागतो."

मी बिस्किटांची बशी पुढं केली. पुढच्या आठवड्यात ऑर्डर निघाली.

नंतर मी बरीच लॉन केली. तण काढणं अवघड नसतं. ते निघेपर्यंत साहेबाला थोपवून धरणं अवघड असतं.